टायमिंग बेल्ट केव्हा बदलावा, खर्च किती?

मोटारीचे टायर झिजले की ते डोळ्यांना दिसतात, ब्रेक पॅड घासले की आवाज येऊ लागतो, बॅटरी कमजोर झाली की सकाळी स्टार्टर कुरकुरतो. टायमिंग बेल्ट मात्र अशी कोणतीही सूचना सहसा देत नाही. प्लास्टिकच्या आवरणाआड दडलेला हा रबरी पट्टा तुटेपर्यंत आपले काम चोख बजावत असतो आणि तुटला की इंजिनाची मोठी हानी करून जातो. म्हणूनच तो खराब झाल्यावर बदलण्याची वाट न पाहता ठरलेल्या मुदतीत बदलणे आवश्यक ठरते.

बेल्टचे काम काय?

इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट, तर वरच्या भागात कॅमशाफ्ट असतो. पिस्टन क्रँकशाफ्ट फिरवतात; कॅमशाफ्ट व्हॉल्व्हची उघडझाप करतो. या दोहोंची सांगड टायमिंग बेल्ट घालतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा एक. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. बेल्ट तुटला की कॅमशाफ्ट थांबतो, पिस्टन मात्र वेगाच्या जोरावर वर येत राहतात आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हवर आदळतात. काही जुन्या पेट्रोल इंजिनांत हा आघात होत नाही. डिझेल इंजिनांत तो बहुधा टळत नाही.

धोका केवळ इंजिनापुरता नाही. द्रुतगती मार्गावर बेल्ट तुटल्यास इंजिन क्षणार्धात बंद पडते. पाठोपाठ ब्रेकला मिळणारे साह्य संपते आणि स्टिअरिंगही जड होऊ शकते.

आपल्या मोटारीत बेल्ट आहे का?

सर्वच मोटारींना बेल्ट नसतो. मारुती ८००, टाटा इंडिकाचे १.४ लिटर डिझेल इंजिन, जुनी सँट्रो, रेनॉ डस्टरचे १.५ लिटर डिझेल इंजिन यांत बेल्ट आहे. मारुतीची के-सीरिज पेट्रोल इंजिने आणि स्विफ्टचे १.३ लिटर डिझेल इंजिन यांत धातूची साखळी आहे. मोटारीच्या केवळ नावावरून मात्र अंदाज बांधू नये. ह्युंदाई आय-१० या एकाच मोटारीत १.१ लिटर इंजिनाला बेल्ट, तर १.२ लिटर कप्पा इंजिनाला साखळी होती. मोटारीसोबत मिळणारी माहितीपुस्तिका हाच याबाबतचा खात्रीचा आधार होय.

साखळीला सहसा बदलण्याची ठरावीक मुदत नसते. तेल वेळेवर बदलले तर ती दीर्घकाळ टिकते आणि सैल झाल्यास खडखडाट करून बहुधा आधी इशारा देते.

मुदत किलोमीटरची आणि वर्षांचीही

बहुतेक कंपन्यांनी बेल्टची मुदत ६० हजार ते दीड लाख किलोमीटरच्या दरम्यान ठरवली आहे. त्याला वर्षांचीही मर्यादा असते. यांपैकी जी मर्यादा आधी येईल, ती पाळावी. शहरातील वाहनधारकांची गफलत होते ती येथेच. मोटार वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटरच चालते, मग बेल्टची चिंता कशाला, असा समज असतो. परंतु रबर वयोमानाने व उष्णतेने कडक होते, त्याला तडे जातात. शिवाय सिग्नलवर आणि वाहतूक कोंडीत मोटार उभी असली तरी इंजिन व बेल्ट फिरतच असतात. मीटरवर त्याची नोंद होत नाही.

पुढील परिस्थितीत मुदतीची वाट पाहू नये :
- बेल्टच्या आवरणापाशी तेलाची गळती दिसल्यास
- पुराच्या वा साचलेल्या पाण्यात इंजिन बुडाले असल्यास
- जुनी मोटार घेतली आणि बेल्ट बदलल्याची पावती मिळाली नाही, तर

खर्चाचा अंदाज

बेल्ट स्वतः फारसा महाग नसतो. तो बदलण्यासाठी बरेच भाग उतरवावे लागत असल्याने मजुरी अधिक पडते. म्हणून बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर पुलीही बदलून घ्यावी. ज्या इंजिनांत वॉटर पंप याच बेल्टवर फिरतो, तेथे पंपही त्याच वेळी बदलणे हिताचे. पुढे पंप गळू लागला, तर तीच मजुरी पुन्हा मोजावी लागते.

लहान पेट्रोल मोटारीसाठी सर्व मिळून साधारणतः ३ ते ६ हजार रुपये, मध्यम आकाराच्या डिझेल मोटारीसाठी ८ ते १५ हजार रुपये खर्च येतो. वॉटर पंप धरल्यास अथवा मोटार महागड्या श्रेणीतील असल्यास तो आणखी वाढतो. शहर आणि गॅरेज यांनुसार दरांत फरक पडतो. त्यामुळे कामाआधी लेखी अंदाजपत्रक घ्यावे. याउलट बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकल्यास हेड उतरवणे, व्हॉल्व्ह, गॅस्केट व नवा बेल्ट मिळून खर्च ३०-४० हजारांच्या पुढे जाऊ शकतो. पिस्टनलाही इजा झाली असल्यास लाखाच्या घरातील बिल येणे अशक्य नाही.

काम करून घेताना

बाहेरून दिसणारा आणि पावसात किंचाळणारा पट्टा म्हणजे फॅन बेल्ट, तो वेगळा. पावतीवर नुसते 'बेल्ट बदलला' असे न लिहिता 'टायमिंग बेल्ट' असा स्पष्ट उल्लेख, किलोमीटर आणि तारीख असावी. जुने भाग परत मागून घ्यावेत. नवा बेल्ट बसवल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा जुळतात का, हे पाहण्याची पद्धत आहे. मेकॅनिकने ते केल्याची खात्री करावी.

धावती मोटार अचानक बंद पडली आणि बेल्ट तुटल्याची शंका आली, तर पुन्हा पुन्हा स्टार्टर मारू नये, धक्का देऊनही ती सुरू करू नये. प्रत्येक फेऱ्यागणिक हानी वाढण्याची शक्यता असते. मोटार टोइंग करूनच गॅरेजमध्ये न्यावी.