‘हेवी रेन’ : चार वर्षं वाट पाहायला लावणारा गेम काय सांगत होता?

एखाद्या नव्या गेमचा ट्रेलर आला की तो काही तासांत तुमच्या फीडवर पोहोचतो. बहुतेक ट्रेलरमध्ये काय असतं? बंदुका, स्फोट, उंचावरून उड्या आणि शेवटी तारीख. पण अधूनमधून एखादा ट्रेलर वेगळंच काहीतरी सांगतो. त्यात एक बाप असतो, हरवलेलं मूल असतं, आणि ‘हा गेम तुम्हाला हादरवून सोडेल’ असं वचन असतं. मग कमेंटमध्ये दोन तट पडतात. एक गट म्हणतो, ‘कधी येतोय?’ दुसरा म्हणतो, ‘हा गेम आहे की सिनेमा?’

हा वाद आजचा नाही. तो सगळ्यात जोरात रंगला तो ‘हेवी रेन’ या गेमवरून. त्याची पहिली झलक २००६ साली दिसली आणि गेम हातात आला २०१० साली. मधली जवळपास चार वर्षं लोक नेमकी कशाची वाट पाहत होते आणि त्यांना शेवटी काय मिळालं, ते समजून घेऊ. काळजी नको, खुनी कोण हे या लेखात कुठेही सांगितलेलं नाही.

सुरुवात कुठून झाली?

‘क्वांटिक ड्रीम’ ही पॅरिसची गेम कंपनी. डेव्हिड केज यांनी ती १९९७ साली सुरू केली. १९९९ सालच्या ‘ओमिक्रॉन’ या त्यांच्या पहिल्या गेममध्ये प्रसिद्ध गायक डेव्हिड बोवी सहभागी होता. त्यानंतर २००५ साली आला ‘फॅरनहाइट’. अमेरिकेत तो ‘इंडिगो प्रॉफसी’ या नावाने विकला गेला. एक साधा माणूस भान हरपलेल्या अवस्थेत खून करतो आणि भानावर आल्यावर त्याला काहीच कळत नाही, अशी त्याची सुरुवात. ती लोकांना फार आवडली. पुढे मात्र गोष्ट जादू आणि अतिमानवी शक्तींकडे वळली आणि तिथे बरेच खेळाडू नाराज झाले.

हे लक्षात ठेवा, कारण ‘हेवी रेन’बद्दलच्या उत्सुकतेचं एक कारण इथेच आहे. या वेळी जादू नाही, भुतंखेतं नाहीत, फक्त माणसांची गोष्ट, असं कंपनी सांगत होती.

स्वयंपाकघरातली ती बाई

मे २००६. लॉस एंजेलिसमध्ये ‘ई-थ्री’ हे गेमचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ‘प्लेस्टेशन ३’ बाजारात यायला अजून सहा महिने होते. तिथे क्वांटिक ड्रीमने ‘द कास्टिंग’ नावाची छोटी फिल्म दाखवली. एक अभिनेत्री ऑडिशन द्यायला येते आणि स्वयंपाकघरात उभं राहून नवऱ्याने केलेल्या फसवणुकीचा प्रसंग सादर करते. बोलता बोलता तिचा चेहरा बदलत जातो, डोळे भरून येतात, हातात पिस्तूल येतं. बस्स, एवढंच.

यात न कुठली मारामारी होती, न खेळायला काही. मग लोक का थबकले? कारण ती बाई संगणकाने तयार केलेली होती आणि दृश्य तिथल्या तिथे मशिनवर चालत होतं. आधी बनवून ठेवलेल्या ॲनिमेशनपटात एकेक फ्रेम सावकाश सजवता येते. गेममध्ये मात्र तुम्ही बटण दाबलं की चित्र त्याच क्षणी तयार व्हावं लागतं. त्यामुळे त्या काळी गेममधल्या पात्रांचे चेहरे बहुधा मुखवट्यासारखे असायचे. ओठ हलायचे, पण डोळ्यांत काही नसायचं.

याला जोडून एक जुनी अडचण होती. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली ‘अनकॅनी व्हॅली’ ही कल्पना मांडली. कृत्रिम चेहरा माणसाच्या जितका जवळ जातो तितका तो आवडतो, पण ‘जवळजवळ माणूस’ या टप्प्यावर पोहोचला की एकदम विचित्र, भीतिदायक वाटू लागतो. ‘द कास्टिंग’ पाहणाऱ्यांतही हेच झालं. काहींना ती बाई खरी वाटली, तर काहींना तिचे डोळे बघवेनात. पण विषय मात्र सगळ्यांच्या तोंडी झाला.

आणि गंमत म्हणजे हा प्रसंग अंतिम गेममध्ये नाहीच. ती फक्त आमच्याकडे काय तंत्र आहे हे दाखवणारी ‘टेक डेमो’ होती.

दुसरी झलक, तीही गेमबाहेरची

ऑगस्ट २००८ मध्ये जर्मनीतल्या लायपझिग शहरातल्या प्रदर्शनात ‘द टॅक्सिडर्मिस्ट’ हा प्रसंग दाखवला गेला. एक महिला पत्रकार मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरणाऱ्या माणसाच्या घरात शिरते, आणि तेवढ्यात घरमालक परत येतो. पुढे काय होतं हे खेळणाऱ्याच्या हातात. ती लपेल, पळेल, पकडली जाईल, किंवा मरेल.

हा प्रसंगही मुख्य कथेचा भाग नव्हता. कारण सरळ होतं. रहस्यकथेतला खरा प्रसंग आधीच दाखवला तर रहस्य राहणार कसं? त्यामुळे स्वतंत्र प्रसंग बेतला गेला आणि पुढे २०१० साली तो वेगळा भाग म्हणून खेळाडूंना मिळाला. थोडक्यात, चार वर्षांत लोकांनी गेमचा सूर ऐकला होता, पण गोष्ट जवळपास ऐकलीच नव्हती. वाट पाहण्यातली खरी मजा तिथेच होती.

मुळात गोष्ट काय आहे?

ईथन मार्स हा वास्तुविशारद. बायको, दोन मुलं, सुखाचं घर. एके दिवशी मॉलच्या गर्दीत मोठा मुलगा जेसन हात सोडून निघून जातो आणि रस्त्यावर गाडीच्या धक्क्याने मरतो. दोन वर्षांनी ईथनचं लग्न मोडलेलं आहे आणि धाकटा शॉन त्याच्याशी नीट बोलतही नाही. तेवढ्यात शॉन गायब होतो.

शहरात एक खुनी मोकाट आहे. तो लहान मुलांना पळवतो, ती पावसाच्या पाण्यात बुडून मरतात, आणि त्यांच्या हाती कागदाची घडी घालून केलेली आकृती ठेवलेली सापडते. म्हणून त्याचं नाव पडलं ‘ओरिगामी किलर’. पाऊस जितका जास्त, तितका मुलाकडे वेळ कमी. गेममध्ये प्रसंग बदलताना पडद्यावर पावसाचा आकडा दिसतो, तो याचसाठी. गेमचं नाव ‘मुसळधार पाऊस’ का, हे तिथे कळतं.

तुम्ही चार जणांच्या भूमिकेतून खेळता : ईथन, पत्रकार मॅडिसन पेज, एफबीआयचा अधिकारी नॉर्मन जेडन आणि खासगी गुप्तहेर स्कॉट शेल्बी. मॅडिसनला रात्री झोप लागत नाही, जेडन एका अंमली द्रव्याच्या आहारी गेलेला आहे, शेल्बीला दमा आहे. यात धडधाकट, अजिंक्य नायक एकही नाही.

आपला मुलगा मॉलमध्ये काही वेळ दिसेनासा झाला होता आणि त्या भीतीतून या गोष्टीचं बीज पडलं, असं केज यांनी मुलाखतींत सांगितलं आहे. ज्यांनी कधी जत्रेत किंवा रेल्वे स्टेशनवर लहान मुलाचा हात सुटताना अनुभवला आहे, त्यांना ही भीती वेगळी समजावून सांगायला नको.

बटणं दाबून भावना कशी निर्माण होते?

हा गेम समजून घ्यायचा तर हा भाग महत्त्वाचा. पडद्यावर खूण दिसते आणि ठरावीक वेळेत तेच बटण दाबावं लागतं, या प्रकाराला ‘क्विक टाइम इव्हेंट’ म्हणतात. १९८३ सालच्या ‘ड्रॅगन्स लेअर’मध्ये याचं मूळ सापडतं आणि १९९९ सालच्या ‘शेनम्यू’ने हे नाव रूढ केलं. अनेक खेळाडूंना हा प्रकार आवडत नाही, कारण त्यात कौशल्य कमी आणि पाठांतर जास्त असं वाटतं.

‘हेवी रेन’ने त्याच साधनाचा वापर तीन प्रकारे बदलला.

एक, रोजची कामं. सुरुवातीला ईथन उठतो, दात घासतो, दाढी करतो, ताटं मांडतो, मुलांशी खेळतो. थ्रिलर म्हणून घेतलेल्या गेममध्ये पहिला तासभर हे असलं चालू असल्याची तक्रार खूप झाली. पण जेसन गेल्यावर तेच रिकामं घर आणि शॉनचं गप्प बसून जेवण अंगावर येतं, कारण भरलेलं घर तुम्ही स्वतः हाताळलेलं असतं.

दोन, शरीराचा ताण. अवघड जागेतून सरकताना तुम्हाला एकेक करून तीन-चार बटणं दाबून धरावी लागतात. बोटं वेडीवाकडी होतात, आणि पडद्यावरच्या माणसाची धडपड तुमच्या हातात उतरते. पात्र घाबरलेलं असेल तर पर्यायाची अक्षरं थरथरतात आणि नीट वाचता येत नाहीत.

तीन, चुकीची किंमत. या गेममध्ये ‘गेम ओव्हर’ची पाटी नाही. चौघांपैकी कुणीही मरू शकतं आणि गोष्ट त्याच्याशिवाय पुढे जाते. त्यामुळे शेवटही अनेक आहेत. मुलगा वाचतो की नाही, बाप वाचतो की नाही, खुनी सुटतो की सापडतो, हे तुमच्या निर्णयांवर आणि तुमच्या हुकलेल्या बटणांवर ठरतं. लोकांनी हा गेम एकदाच खेळावा, म्हणजे ती गोष्ट त्यांची स्वतःची राहील, असं केज यांचं म्हणणं होतं.

खुनी ईथनला पाच परीक्षा देतो. एकीत महामार्गावर उलट दिशेने गाडी चालवायची. एकीत स्वतःच्या बोटाचा तुकडा कापायचा, तोही पाच मिनिटांत. एकीत एका अनोळखी माणसाला मारायचं. प्रत्येक वेळी नकार देण्याची मुभा आहे. मुलासाठी तुम्ही कुठपर्यंत जाल, हा प्रश्न ट्रेलरमध्ये नुसता ऐकू येतो. इथे कंट्रोलर तुमच्या हातात असतो.

वचन पाळलं गेलं का?

फेब्रुवारी २०१० मध्ये गेम ‘प्लेस्टेशन ३’वर आला. त्याआधी दोन प्रसंगांचा खेळता येणारा डेमो मोफत दिला गेला. त्याच काळात ‘मास इफेक्ट २’ आणि ‘बायोशॉक २’ बाजारात होते, महिनाभरात ‘गॉड ऑफ वॉर ३’ येणार होता. या धुमश्चक्रीत दात घासायला लावणारा गेम कोण घेणार, अशी शंका होती. प्रत्यक्षात त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. २०११ साली त्याला कथा, मूळ संगीत आणि तांत्रिक नावीन्य असे तीन बाफ्टा पुरस्कार मिळाले. संगीत कॅनडाचे नॉर्मंड कॉर्बेल यांचं होतं.

पण सगळंच जमलं असं नाही. ईथनला मधूनच येणाऱ्या बेशुद्धीच्या झटक्यांचं नीट स्पष्टीकरण गेममध्ये मिळत नाही. रहस्य उलगडल्यावर मागे वळून पाहिलं तर काही दुवे सुटलेले दिसतात. काही इंग्रजी आवाजांतले उच्चार खटकतात. मॅडिसनचं पात्र ज्या नजरेने दाखवलं आहे, त्यावरही रास्त टीका झाली. आणि मॉलमधला तो सगळ्यात दुःखद प्रसंग? तिथे बटण दाबलं की ईथन ‘जेसन!’ अशी हाक मारतो. लोकांनी ते बटण इतकं दाबलं की त्याचं मीम झालं. रडवण्यासाठी रचलेला प्रसंग हसण्याचा विषय कसा होतो, याचं हे उत्तम उदाहरण. खेळणाऱ्याच्या हातात सूत्रं दिली की तो लेखकाच्या मनासारखंच वागेल, याची खात्री नसते.

तरीही एक गोष्ट त्याने दाखवून दिली. मुख्यतः निर्णयांवर चालणाऱ्या मोठ्या गेमला गिऱ्हाईक आहे. पुढे ‘द वॉकिंग डेड’ (२०१२), ‘लाइफ इज स्ट्रेंज’ आणि ‘अंटिल डॉन’ (दोन्ही २०१५) अशा गेमनी हा रस्ता वापरला. क्वांटिक ड्रीमने स्वतः २०१२ साली ‘कारा’ नावाची अशीच एक टेक डेमो दाखवली, आणि २०१८ साली त्यातून ‘डेट्रॉइट : बिकम ह्यूमन’ उभा राहिला.

पुढचा ट्रेलर पाहताना हे तपासा

भावनिक थ्रिलरचा नवा ट्रेलर समोर आला, तर शेअर करण्याआधी चार प्रश्न विचारा.

दिसतंय ते मशिनवर तिथल्या तिथे चालतंय की आधी बनवलेली फिल्म आहे? ट्रेलरच्या तळाशी बारीक अक्षरांत हे बहुधा लिहिलेलं असतं.

तो प्रसंग गेममध्ये आहे का, की ‘द कास्टिंग’सारखी नुसती झलक आहे?

चुकलात तर काय होतं? गोष्ट बदलते, की तोच प्रसंग पुन्हा खेळावा लागतो? ‘तुमचा निर्णय महत्त्वाचा’ या वाक्याची परीक्षा इथेच होते.

वयाची अट काय आहे? ‘हेवी रेन’ला युरोपात १८ वर्षांवरील आणि अमेरिकेत १७ वर्षांवरील असं वर्गीकरण आहे. त्यात मुलांचे मृत्यू, आत्महत्येचे विचार आणि शारीरिक छळ आहे. घरात नुकतंच कुणी गेलं असेल किंवा लहान मूल आजारी असेल, तर हा गेम काही काळ बाजूला ठेवलेला बरा.

आता खेळायचा असेल तर ‘हेवी रेन’ २०१६ पासून ‘प्लेस्टेशन ४’वर आणि २०१९ पासून संगणकावर उपलब्ध आहे. खेळण्याआधी एकच पथ्य पाळा. त्याच्या नावाने शोध घेऊ नका आणि त्याच्या व्हिडिओंखालच्या कमेंट वाचू नका. खुन्याचं नाव तिथे दुसऱ्या-तिसऱ्या ओळीतच सापडतं.