खाजनाचा बांध आणि गावसंस्था
मांडवी व जुवारी या नद्यांच्या भरतीक्षेत्रातील सखल जमीन गोमंतकीयांनी बांध घालून लागवडीखाली आणली. तिला ‘खाजन’ म्हणतात. माती, पेंढा व जांभा दगड यांचे बांध भरती अडवीत, त्यांबाहेरील खारफुटी लाटांचा मारा सोशी. ‘मानस’ हे लाकडी दार भरतीच्या दाबाने मिटे आणि ओहोटीला उघडून पावसाचे पाणी बाहेर सोडी. आत खारटपणा सोसणारे ‘कोरगुट’ भात पिके.

या रचनेची देखभाल गावकरी ही ग्रामसंस्था करी. तिचे तिसवाडीतील रिवाज १५२६ मध्ये आफोंसो मेशिया यांनी ‘फोराल’ या पोर्तुगीज दस्तऐवजात नोंदविले. मौखिक प्रथा अशा रीतीने परभाषेत लिखित झाली. त्याचबरोबर ती राजसत्तेच्या महसुली चौकटीतही आली.

१९६४ च्या कुळकायद्यानंतर बांधांची जबाबदारी क्रमाने कोमुनिदादींकडून कुळांच्या संघांकडे गेली. कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्याय्यच होते. परंतु सामूहिक दुरुस्तीची शिस्त सैलावली. मानशीवरील मासळी भातापेक्षा किफायतशीर ठरली, तेथे खारे पाणी शेतात घेण्याचा मोहही वाढला. ‘निसर्गाधारित संरक्षण’ या नव्या संज्ञेत खाजन बसविताना केवळ माती व खारफुटी मोजणे म्हणूनच अपुरे ठरते. बांध राखण्याचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्नही त्या संज्ञेत अंतर्भूत असला पाहिजे.