ई-एनडब्ल्यूआर म्हणजे काय? सोयाबीनचं डिमॅट खातं!

शेअर्सचं डिमॅट खातं तुम्हाला माहीत असेलच. गोदामात ठेवलेल्या धान्याची तशीच डिजिटल पावती म्हणजे ई-एनडब्ल्यूआर. २००७ च्या गोदाम कायद्याने अशी पावती दुसऱ्याच्या नावे करता येऊ लागली. २०१७ पासून ती इलेक्ट्रॉनिक झाली. त्यावर मालाचं वजन, प्रत आणि मुदत असते.

कागदी पावतीत घोळ व्हायचे. बनावट पावत्या, एकाच मालावर दोन कर्जं. आता नोंद एनईआरएल किंवा सीसीआरएल या रिपॉझिटरीत राहते. कर्ज घेतलं की बँकेचा बोजा तिथेच चढतो आणि तो उतरेपर्यंत माल बाहेर काढता येत नाही. आम्ही डेटाबेसमध्ये लॉक लावतो ना, अगदी तसंच.

काढणीनंतर सगळ्यांचं सोयाबीन एकदम बाजारात येतं, भाव पडतो, पण पैसे तर लगेच हवे असतात. अशा वेळी पावती तारण ठेवून कर्ज घ्यायचं, माल नंतर विकायचा. भाव चढलाच नाही, तर मात्र व्याज आणि गोदामभाडं अंगावर येतं. म्हणून मी याला हमखास फायदा म्हणणार नाही.

गोदाम डब्ल्यूडीआरएकडे नोंदलेलं हवं. ट्रॅक्टर भरण्याआधी त्यांच्या वेबसाइटवर यादी बघा.