तारघरापासून बिनतारी जाळ्यापर्यंत

वऱ्हाडचा अर्वाचीन इतिहास कापसाने घडविला, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण कापसाच्या गाठींबरोबर बातमीही धावत होती, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला आणि रुळांच्या कडेने तारेचे खांब उभे राहिले. १८७० साली मुंबई समुद्रातील तारेने इंग्लंडशी जोडली गेली. मग परदेशचा भाव कळावयास बोटीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. मात्र ज्याला तारेचा खर्च परवडे, त्यालाच तो भाव वेळेवर कळे. कापूस वेचणाऱ्या बाईपर्यंत तो पोचत नसे. म्हणून दळणवळणाच्या प्रत्येक साधनाला आपण एकच प्रश्न विचारावयास हवा : त्याचे दार कोणासाठी उघडले?

पुढे तारेवाचून संदेश जाऊ लागला. १८९५ साली जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात भिंतीपलीकडे विद्युत्-लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली. पण लहरी मोकळ्या असल्या तरी त्यांचा वापर मोकळा नव्हता. १९३३ च्या कायद्याने बिनतारी यंत्र बाळगण्यासही परवाना आवश्यक ठरला. घरच्या रेडिओसाठी पोस्टात भरावी लागणारी फी आपल्यांतील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

१९७१ साली हवाई विद्यापीठाने बेटाबेटांवरील संगणक रेडिओ-लहरींनी जोडले. १९८५ साली अमेरिकेने काही लहरीपट्टे विनापरवाना वापरास खुले केले, आणि १९९७ साली ज्याला आपण 'वायफाय' म्हणतो त्याचे पहिले प्रमाण ठरले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त झाला. आज अकोल्यातील दुकानदार वा अमरावतीतील वाचनालय कोणाची परवानगी न घेता आपली पेटी भिंतीला लावू शकते, ते या मोकळिकीमुळे.

ही पेटी, म्हणजे 'ॲक्सेस पॉइंट', तारेतून आलेला संदेश लहरींत पालटते आणि लहरींतून आलेला तारेत सोडते. इंटरनेट ती स्वतः निर्माण करीत नाही. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? तिच्या मांडणीचेही काही नियम आहेत. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या आहेत; पण शेजारशेजारच्या एकमेकींवर चढतात. म्हणून १, ६ आणि ११ यांपैकी जी कमी गजबजलेली, ती निवडावी. पेटी उंच जागी, घराच्या मध्याशी ठेवावी. लोखंडी कपाट आणि पाण्याची टाकी लहरींना अडवितात. कारखान्यातून आलेला सांकेतिक शब्द प्रथम बदलावा. १९९७ च्या प्रमाणातील 'वेप' हे कुलूप २००१ पर्यंत अभ्यासकांनी फोडले होते. तेव्हा 'डब्ल्यूपीए-२' किंवा २०१८ चे 'डब्ल्यूपीए-३' लावणेच शहाणपणाचे.

आता शहर सोडून मेळघाटात जाऊ. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने 'डिजिटल गाव' म्हणून पुढे आले. तेथे दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांमधील रिकाम्या पट्ट्यांचा उपयोग करण्याचे ठरले. कल्पना शास्त्रशुद्ध होती. वायफायची लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते आणि ओल्या पानांत विरते. दूरचित्रवाणीची लहर त्याहून कितीतरी लांब, म्हणून झाडी ओलांडून दूर जाते. तरीही २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत याच हरिसालवरून सभांमधून वाद झडला : जाहिरातीतले गाव खरे, की प्रत्यक्षातले?

त्या वादाचा राजकीय निवाडा करणे आमचे काम नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने एवढेच सांगावे की, यंत्र बसविण्याचा समारंभ एका दिवसाचा असतो. वीज, मागची जोडणी आणि दुरुस्तीला धावणारा माणूस ही गरज रोजची असते. गावोगाव ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेला २०११ साली मंजुरी मिळाली, ती हा आड खोल करण्यासाठीच. कोरकू मुलाचा धडा आणि आजारी बाईला दुरून मिळणारा वैद्यकीय सल्ला त्यावर अवलंबून आहे. दीडशे वर्षांपूर्वी तारेने कापसाचा भाव आणला, पण वेचणारीला तो सांगितला नाही. बिनतारी जाळ्याच्या बाबतीत ती उणीव राहू नये, हे पाहणे आपल्या सर्वांचे कर्तव्य होय.