भागीचे घोडे आणि कापसाचा बाजार

श्रोतेहो, ‘भागीचे घोडे किवणाने मेले’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकलेली आहे. घोडे दोघांचे, म्हणून त्याच्या जखमेकडे कोणीच पाहिले नाही. म्हण इथेच थांबते. पण ते घोडे उधारीवर आणलेले असेल, तर पैसे कोणी भरायचे? हा प्रश्न आपल्या वर्धा जिल्ह्यात कापसाच्या बाजाराबरोबरच आला.

१८६२ साली हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि आपल्याकडच्या कापसाला अवाच्या सवा भाव येत होता. हिंगणघाटचा कापूस तर नावाजलेला. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या कितीतरी पेढ्या बुडाल्या. तरी आपल्याकडे धंदा वाढतच गेला. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली; पुढे वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव येथे जिन-प्रेस उभे राहिले. जिनाला यंत्र हवे, कोळसा हवा, हंगामात हाती रोकड हवी. मग एकाची जागा, दुसऱ्याचा पैसा, तिसऱ्याची मेहनत, अशी भागी होई.

नागपुरास जमशेटजी टाटांनी १८७४ साली गिरणीसाठी कंपनी काढली. तेथे भागधारकाचे बुडाले तर त्याच्या शेअरापुरतेच बुडे. भागीच्या पेढीचे तसे नव्हते. १८७२ च्या करारविषयक कायद्याने एक गोष्ट स्पष्ट केली होती: पेढीच्या कर्जाला प्रत्येक भागीदार जबाबदार. चार आणे पाती असलेल्याकडूनही सावकार सोळा आणे वसूल करू शके. मग त्याने इतरांकडून आपापला हिस्सा मागत बसावे! हे कठोर वाटते खरे. पण गाडीभर कापूस घालून गेलेल्या शेतकऱ्याचा विचार करा. आत कोणाची किती पाती आहे, हे त्याला काय ठाऊक? तो पेढीचे नाव पाहून माल देतो. नियम आहे तो त्याच्यासाठी.

भागीदारांचे आपसातले भांडण मात्र बहुधा नफ्यावरून लागते. जिनवाले एकत्र येऊन दर ठरवीत, जादा रक्कम सामाईक फंडात टाकीत आणि नंतर वाटून घेत. याला ‘पूल’ म्हणत. अशाच एका फंडातल्या वाटणीचा तंटा १८९७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे आला. दर एक ठेवून नफा वाटून घेतला, एवढ्यानेच करार रद्द होत नाही, असे न्यायालय म्हणाले. शेतकऱ्याला मात्र एकच दर उरला, हेही विसरून चालणार नाही.

१ ऑक्टोबर १९३२ पासून भागीदारीचा स्वतंत्र कायदा अमलात आला. जबाबदारी पूर्वीसारखीच सामाईक आणि एकेकाचीही राहिली. मात्र भागीदारांनी एकमेकांशी सचोटीने वागावे, खरा हिशेब द्यावा, वह्या पाहू द्याव्यात, पेढीच्या व्यवहारात चोरून मिळवलेला नफा पेढीत भरावा, असे त्यात स्पष्ट लिहिले गेले. नोंदणी सक्तीची नाही. पण नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरून बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. तिच्या भागीदारांना पेढी मोडून हिशेब मागण्याची वाट तेवढी मोकळी ठेवली होती. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने तीही बंद केली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. नोंदणी केली नाही म्हणून माणसाचा पैसा कायमचा अडकवणे न्याय्य नव्हे, हा त्यामागचा विचार.

२००८ च्या कायद्याने मर्यादित जबाबदारीची भागीदारीही आता करता येते. पण गावोगावच्या कित्येक पेढ्या अजून जुन्याच पद्धतीच्या आहेत, आणि पुष्कळदा त्या भावाभावांच्या किंवा मित्रामित्रांच्या असतात. ‘आपल्यात कशाला लिहायचे?’ असे म्हणून त्या सुरू होतात. श्रोतेहो, लिहायचे ते आपल्यातच! परक्याला आपण पावती दिल्याशिवाय राहत नाही. भागीदाराच्या उधारीपायी आपले घर जाऊ शकते. तेव्हा त्याच्यापाशी वही मागणे हा अविश्वास नव्हे. घोड्याची जखम वेळेवर दिसायची, तर ती त्या वहीतच दिसेल.