काच कापली म्हणून हिरा होत नाही! दगडातली खनिजं घरच्या घरी अशी ओळखा

अंधेरी : विहीर खणताना किंवा घराचा पाया काढताना काळ्या कातळात चमकदार खडा सापडला की लगेच 'हिरा सापडला' अशी चर्चा सुरू होते. त्या नादात कुणी पैसे घालवून बसतं. घरातल्याच वस्तूंनी चार चाचण्या केल्या तर फसगत टळते.

आपला काळा दगड
अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल सुमारे ६१ मीटर उंच आहे. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्याला उभ्या भेगा पडून हे खांब तयार झाले. या काळ्या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. त्यात मुख्यतः फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं असतात, पण कण इतके बारीक की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. लाव्ह्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या. त्यात पुढे पाण्यातून खनिजं साचली. चमकणारे खडे असतात ते हेच. मालाडच्या कुरार भागातल्या जुन्या खाणीतलं हिरवट प्रेहनाइट तर जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे.

चार चाचण्या
१) ओरखडा : जर्मन शास्त्रज्ञ फ्रेडरिक मोज यांनी १८१२ मध्ये कठीणपणाची १ ते १० अशी पट्टी ठरवली. नख साधारण अडीच, स्टीलचा चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास. ओरखड्यावरची पूड पुसून बघा, खाच राहिली तरच तो खरा ओरखडा. काच हातात न धरता जमिनीवर ठेवा.
२) लिंबू : खड्याची थोडी पूड करून त्यावर लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर कॅल्साइट.
३) फुटण्याची तऱ्हा : कॅल्साइट तिरप्या चौकटीत, सपाट फुटतं. गारगोटी काचेसारखी वाकडीतिकडी फुटते.
४) रेघ : फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर खडा घासून रेघेचा रंग बघा.

कोणतं खनिज कसं ओळखाल?
• गारगोटी (कठीणपणा ७) : काचेवर ओरखडा पाडते, चाकूने खरवडत नाही. स्फटिक सहा बाजूंचे.
• कॅल्साइट (३) : चाकूने सहज खरवडतं.
• स्टिल्बाइट (साडेतीन ते ४) : पांढरं किंवा गुलाबीसर, मोत्यासारखी चमक, पेंढी बांधल्यासारखा आकार.
• पायराइट (६ ते साडेसहा) : सोन्यासारखं पिवळं, पण रेघ हिरवट काळी येते आणि हातोडीने चुरा होतो. सोन्याची रेघ पिवळीच येते आणि सोनं ठोकलं तर पसरतं.

हे लक्षात ठेवा
काच गारगोटीनेही कापली जाते, त्यामुळे तेवढ्यावरून हिरा ठरत नाही. हिऱ्याचा कठीणपणा १० आहे. शंका असेल तर रत्न तपासणाऱ्या प्रयोगशाळेचा दाखला मिळेपर्यंत पैसे देऊ नका. झिओलाइटचे चांगले स्फटिक संग्राहक विकत घेतात, म्हणून हातोडी मारण्याआधी नीट बघा. दगड, मुरूम ही गौण खनिजं आहेत. विक्रीसाठी खोदायचं तर आधी तहसील कार्यालयात परवानगीची चौकशी करा. आणि गिल्बर्ट हिल हा जपायचा वारसा आहे, तिथला तुकडासुद्धा काढू नका.