हाताला कशी लागतेय?

गेल्या गणपतीत गिरावीनच्या आमच्या स्वयंपाकघरात मी मोदकांची उकड मळत होतो. पुण्याहून आई व्हिडिओ कॉलवर बघत होती. उकड तिला स्वच्छ दिसत होती, तरी तिचे एकच चालले होते, "अरे, हाताला कशी लागतेय?" मी म्हणालो, "मऊ." "मऊ म्हणजे किती?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. पहिले पाच मोदक वाफेवर फुटले.

मंडळी, आम्ही संगणकवाले गेली कित्येक वर्षे याच प्रश्नाशी झुंजतो आहोत.

सुरुवात झाली अणुप्रयोगशाळेत. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या अरगॉन प्रयोगशाळेत रेमंड गर्ट्झ यांनी विजेवर चालणारे असे यांत्रिक हात बनवले, की पलीकडे बसलेला जोर अलीकडच्या माणसाच्या हाताला जाणवे. पुढे 1987 मध्ये डेमेट्री टर्झोपोलस आणि सहकाऱ्यांनी रबर, कापड अशा लवचीक वस्तू भौतिकशास्त्राच्या नियमांनी पडद्यावर वाकवून दाखवल्या. त्या दिसत होत्या, पण हाताला लागत नव्हत्या. ती उणीव 1990 च्या दशकात एमआयटीतल्या थॉमस मॅसी या विद्यार्थ्याने आणि केनेथ सॉल्सबरी यांनी भरून काढायला घेतली. त्यांच्या 'फँटम' यंत्रात बोट घातले की पडद्यावरची वस्तू बोटाला अडवू लागे.

खरी अडचण पुढेच होती. डोळ्याला सेकंदाला साठ चित्रे पुरतात. हाताला मात्र सेकंदाला सुमारे हजार वेळा नवा जोर द्यावा लागतो, नाहीतर कठीण वस्तू थरथरते. मऊ वस्तूचे तर हजारो छोटे तुकडे करून प्रत्येकाचे गणित मांडावे लागते. ते एक सहस्रांश सेकंदात कसे उरकणार? म्हणून दोन कामे वेगळी केली. वस्तूचे गणित आपल्या गतीने चालते आणि हात व वस्तू यांच्यामध्ये एक काल्पनिक स्प्रिंग हजार वेळा हिशेब देते. 2006 मध्ये मथियास म्यूलर आणि सहकाऱ्यांनी जोर मोजत बसण्याऐवजी बिंदू थेट योग्य जागी सरकवण्याची पद्धत मांडली. वेगवान आणि भरवशाची असल्याने गेम इंजिनांनी ती उचलली.

आपल्या ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या सीएसआयआरओ संस्थेत 2000 च्या दशकाच्या सुरुवातीला पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण या तंत्राने देण्याचे प्रयोग झाले. शिक्षक एका खंडात, विद्यार्थी दुसऱ्या, आणि दोघांच्या हातांना एकच मऊ अवयव! शिकाऊ हाताची पहिली चूक खऱ्या रुग्णावर होऊ नये, हा त्यामागचा हेतू.

पण अंतर आडवे येतेच. सिडनी ते मुंबई सुमारे 10,000 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशालाही जाऊन-येऊन शंभर सहस्रांश सेकंद लागतात. तेवढ्यात हाताचे शंभर हिशेब चुकतात. आपल्या पवईच्या आयआयटीत प्रा. सुभाषिस चौधुरी यांच्या गटाने निदान पाठवायची माहिती कमी करण्यावर काम केले. हाताला जाणवेल एवढाच बदल पाठवायचा, बाकीचा सोडून द्यायचा.

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "स्वतःच्या कानाची पाळी दाबून बघ. उकड तेवढी मऊ हवी."

स्पर्श पाठवायची गरजच नव्हती. मोजमाप दोन्हीकडे आधीपासून होते. त्या दिवशीचे मोदक एकही फुटले नाहीत. पण ती उकड तिच्या हाताला कशी लागली असती, हे काही मला अजून कळलेले नाही.